मी वगळलेल्या दोन ओळी

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि दिसायला म्हणाल तर नुसती एक करडी चौकट. पण मला पक्ष्याचा आवाज ऐकवा, मी त्याचं चित्र काढून दाखवतो. उंच स्वर पडद्यावर वर, जाड स्वर खाली. मिनेसोटातल्या डुलुथ गावी वेन कोस्की नावाच्या माणसाने आपल्या तळघरात मला लिहिलं. खिडकीबाहेरच्या स्प्रूसच्या झाडाला त्याने मायक्रोफोन टांगला होता. तोच माझा कान.

दर गुरुवारी मार्लिस टोरव्हिक यायच्या. वेनला सहावीत शिकवलेल्या या बाई ऐंशीच्या घरात होत्या, आणि हातात रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्यांचा डबा असायचाच. वेन स्वतः पन्नाशीला टेकलेला, तरी बाईंसमोर बसताना टोपी काढायचा. एका गुरुवारी बाई माझ्याकडे बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. पडद्याच्या अगदी वरच्या काठाला बारीक रेघा उमटत होत्या.

"हा किंगलेट ना रे?"

"हो बाई. आत्ता झाडावरच आहे."

"मला ऐकू येत नाही. नऊ वर्षं झाली. रॉय होता तेव्हा रोज सकाळी आम्ही दोघं..."  रॉय म्हणजे त्यांचे यजमान.

किंगलेट हा अंगठ्याएवढा पक्षी. त्याचा आवाज इतका बारीक, की म्हातारपणी कान सगळ्यात आधी त्यालाच मुकतात.

"तुझ्या या चौकटीला सांग, स्वर जरा खाली उतरवून दे म्हणावं. एक बटण लाव की!"

"बटणाचं नाव काढू नका, बाई. हा प्रोग्राम वापरणारा तो बेडूकवाला एक मागतोय, ती घुबडवाली तीन. सगळ्यांची लावली तर पडदाच दिसायचा नाही."

"मग मला शिकव. माझं मी लावते."

वेन हसला. बाई हसल्या नाहीत.

त्या हिवाळ्यात वेनने मला पार उसवलं. बाहेर कंबरभर बर्फ, आत मी उघडा पडलेला. आजवर मी एकाच माणसाचं ऐकत आलो होतो. आता कोणीही येऊन हुकूम सोडणार, या रागाने मी दोनदा बंदही पडलो. मार्च उजाडला तेव्हा माझ्यात एक कोरी खिडकी होती. तिच्यात वापरणाऱ्याने स्वतः सूचना लिहायच्या आणि मी त्या पाळायच्या. जाणकार अशा सूचनांना स्क्रिप्ट म्हणतात. एक नियम वेनने मला पक्का शिकवला: ओळीच्या सुरुवातीला ठरलेली खूण दिसली, की ती ओळ माणसांसाठी. ती मी वगळायची.

बाईंनी एका बोटाने दहा ओळी लिहिल्या. पहिल्या खेपेला स्वर खाली उतरवायच्या ऐवजी वर चढवला. दोघं कान देऊन बसले, काही ऐकू येईना. वेनचा कुत्रा पेक्का मात्र उठून गळा काढायला लागला.

"निदान एकाला तरी ऐकू आलं," बाई म्हणाल्या आणि चूक सुधारली. दोन सप्तकं खाली.

मग तो आला. जरा घोगरा, पण तोच. बाईंनी स्पीकरवर तळवा ठेवला, जणू आतला पक्षी उडून जाईल.

"वाईट नाही," त्या म्हणाल्या. आमच्या भागात याहून मोठी शाबासकी नाही. मग त्यांनी चष्मा पुसला.

"वेन, तिकडे तोंड कर." त्यांनी सगळ्यात वर, ती खूण घालून, आणखी दोन ओळी लिहिल्या. "ही फाईल चालवायची. उघडायची नाही. तुला स्वतःला लागेल तेव्हा उघड."

वेनने बाईंचा शब्द कधी मोडला नव्हता. मी रोज त्या ओळींवरून पुढे जायचो. काय असेल त्यांत, याची हुरहूर मात्र जाईना.

पुढे माझं नाव झालं. लांबलांबच्या गावांतून लोक आपापल्या स्क्रिप्ट पाठवू लागले. मला आवडायचा तो गुरुवार आणि ते एक बोट.

एका शरदात बाई आल्या नाहीत. काही दिवसांनी वेन बाईंना शेवटचा निरोप देऊन काळ्या कोटात खाली आला, त्यांचा रिकामा डबा माझ्याशेजारी ठेवला आणि मला बंद केलं. मग आवाज ऐकून पक्ष्याचं नाव आपणहून सांगणारे मोबाईल फोन आले. मी वर्षानुवर्षं धूळ खात पडलो. मला कोणी परत चालू करावं एवढंच वाटायचं, अगदी बेडूकवाल्याने केलं तरी चाललं असतं.

या एप्रिलात पडदा उजळला. वेनचे केस पांढरे झाले होते. हातातला फोन त्याने टेबलावर आपटलाच.

"हा फोन म्हणतोय, किंगलेट आहे! मी अर्धा तास झाडाखाली उभा आहे, मला काही ऐकू येत नाही."

त्याने मायक्रोफोनची तार जोडली. मग डब्याकडे पाहिलं, टोपी काढली आणि बाईंची फाईल उघडली. मी वगळत आलेल्या त्या ओळी त्याने मोठ्याने वाचल्या.

"वेन, आता तुझी पाळी आली वाटतं. घाबरू नकोस, तो अजून झाडावरच आहे. दोन सप्तकं खाली ऐक."

मी दहा ओळी चालवल्या. इतक्या मनापासून मी काही केलं नव्हतं. वेनने स्पीकरवर तळवा ठेवला.

"वाईट नाही, बाई," तो म्हणाला.

मित्रांनो, जुना प्रोग्राम पुसून टाकण्याआधी एकदा तो उघडून बघा. आम्ही वगळतो त्या ओळी आम्हाला आपणहून कधीच कळत नाहीत. त्या कोणीतरी तुमच्यासाठी लिहिलेल्या असतात.