मंठा लाइनीवरची झाडं

ख्वाजामियाँच्या मोडक्या पायाला बांधलेल्या बांबूच्या कामट्यांवर पुंजारामानं बोटं वळवून तीन टिचक्या मारल्या, आणि आपण काय केलं हे ध्यानात येताच हात मांडीखाली दडवला.

"कसा हाय?" ख्वाजामियाँनं विचारलं. "पास?"

चुलीपाशी बसलेली त्याची बायको इमामबी हसली. पुंजारामाला हसता आलं नाही. बारा वर्षं टेलिफोनच्या तारेवर जमादारी केल्यामुळं लाकूड दिसलं की त्याची बोटं आपोआप वळत. खांबाच्या बुडाला तीन ठोके मारायचे, आवाज ऐकायचा, मगच माणूस वर सोडायचा. भरीव लाकूड वेगळं बोलतं, वाळवीनं खाल्लेलं वेगळं. खात्याच्या कायद्याच्या बुकात हे कलम पहिलं होतं, आणि त्यासाठीच त्याला हातोडी मिळालेली होती. बाकीची कामं करायला माणसं होती.

ख्वाजामियाँ बाजेवर भिंतीला टेकून बसला होता. उजवा पाय त्यानं पुढं वेगळाच मांडून ठेवला होता, घरी आलेल्या पाहुण्यासारखा. वीस दिवसांपूर्वी वाटूरच्या अलीकडं सागाचा एक खांब बुडापासून मोडला, तेव्हा ख्वाजामियाँ त्याच्या टोकावर कमरपट्ट्यानं बांधलेला होता. पट्टा मात्र उत्तम निघाला. खांब खाली आला तरी त्यानं माणसाला सोडलं नाही.

"कागद आणलाय," पुंजाराम म्हणाला. "मोहतमीमसाहेबांचा. तुझा अंगठा पाहिजे."

"वाचा की."

सगळे सरकारी कागद उर्दूत निघत, तसाच हाही. ह्या घरात उर्दू बोलत, पण वाचता यायची ती पुंजारामाला, कारण त्याच्या बापानं त्याला चार इयत्ता छड्या खायला सरकारी शाळेत धाडलं होतं. त्यानं एकेक ओळ मनात वाचून मराठीत सांगितली. आपल्या घरच्या भाषेतला कागद ख्वाजामियाँनं असा शेजारच्या दारानं आत घेतला.

खात्याचे वरिष्ठ असलेल्या मोहतमीमसाहेबांनी तीन दिवस चौकशी केली होती. जमादारानं खांब ठोकला होता, असं जमादाराचं म्हणणं. ठोके ऐकले, आवाज भरीव होता, असं गँगमधल्या सगळ्यांचं म्हणणं. सगळ्या साक्षी एकमेकींशी जुळत होत्या. जुळत नव्हता फक्त खांब. साहेबांनी आधी असा निष्कर्ष काढला की ठोके आणि चढाई ह्यांच्या मधल्या वेळात वाळवीनं बूड खाल्लं. कारकुनानं मग त्या वेगानं हिशेब मांडला, तेव्हा जालन्याची कचेरी दसऱ्यापर्यंत टिकत नाही असं निघालं. साहेबांनी ती वाळवी रद्द केली आणि दोष ख्वाजामियाँच्या कानावर ठेवला. चढणाऱ्याला कमी ऐकू येतं, त्यामुळं पोकळ आवाज त्याला भरीव वाटला. सबब त्याला तारेवरून काढण्यात येत आहे.

"काढून कुठं टाकून राह्यले?" ख्वाजामियाँनं विचारलं.

"जालन्याला. टेलिफोनच्या खोलीत. बसून लोकांचं बोलणं ऐकायचं आन् तार जोडून द्यायची."

"बहिऱ्यानं?"

"तिथं पाय लागत न्हाईत, असं लिहिलंय."

ख्वाजामियाँनं मान हलवली. खात्याचं हे म्हणणं त्याला पटलेलं दिसलं. इमामबीनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "खुर्ची हाय का तिथं, जमादारसाब? का खालीच बसायचं?"

"खुर्ची हाय, भाभी."

"मंग लावा म्हणते अंगठा. पाय हालवता येईना, खुर्चीला काय वाईट?"

पुंजारामानं खिशातून शाईची डबी काढली आणि झाकण न उघडता हातात धरून बसला. कागदात अजून एक कलम होतं. ते न वाचता अंगठा घेतला असता तर चाललं असतं. ते वाचायचं नाही असं त्यानं जालन्याला रेल्वेत बसल्यापासून इथं बदनापूरला उतरेपर्यंत चारदा ठरवलं होतं.

"आनखी काय हाय?" ख्वाजामियाँनं विचारलं.

"सोमवारपास्नं मंठ्यापर्यंत दुसरी तार टाकायची. बाकीचे खांब जमादारानं ठोकून पास केलेले हाईत, ते पुन्हा तपासायची गरज न्हाई. तुझ्या जागी कचरूनं चढायचं."

"कचरू," ख्वाजामियाँ म्हणाला. कचरूला गँगमध्ये घेतलं होतं ते तार ओढायला. तो बैलगाडीत मागं बसला की पुढं बैलांच्या मानेवरचं जू वर उचललं जायचं.

"ख्वाजाभाई," पुंजाराम डबीकडं बघत म्हणाला, "तुझ्या कानात काही खोट न्हाई."

"मला ठावं हाय."

"मी खांब ठोकलाच न्हाई. जेवण झाल्तं. ऊन लई होतं. मी कडुलिंबाखाली पडलो होतो, आन् तिथंच लिंबाला तीन ठोके हाणले. जिता लिंब, भरीवच वाजणार. मंग म्हणलं, चढ. एकदाच केलं. एकदाच केलं आन् नेमकं तेव्हाच…"

"एकदा?"

पुंजारामानं डबी दुसऱ्या हातात घेतली.

"सिंधी काळेगावच्या नाल्यापाशी काय होतं?" ख्वाजामियाँनं विचारलं. आवाजात राग नव्हता. शाळामास्तर पाठ म्हणून घेतो तसा तो विचारत होता.

"...चिंच."

"त्याच्या पुढं?"

"वड."

"आन् जिथं झाडच न्हाई तिथं?"

"गाडीचं चाक," पुंजाराम म्हणाला. त्याचे कान तापले. "तुम्हाला कळायचं?"

"जमादार, हम लोकां लाकडाचेच आवाज ऐकून पोट भरतो. साग कोणता आन् चिंच कोणती हे कळंना तर घरीच बसावं. गँगमधला धर्मराज आन् मी बिडीची पैज लावायचो. मी म्हणायचो बाभूळ, त्यो म्हणायचा बोर. दोन वर्षांत त्याच्या लई बिड्या ओढल्या मी."

इमामबीनं तव्यावरची भाकरी उलटली. ती उलटायची वेळ होऊन गेली होती.

"मंग चढत कशाला होता रे?" पुंजारामानं विचारलं. आपणच ओरडून चढायला सांगत होतो हे त्याच्या लक्षात होतं. तरी दुसरं काही विचारायला त्याला सुचलं नाही.

"आधी टाचेनं बुडाला दणका द्यायचो. हातोडीवाणी न्हाई, पर अंदाज येतो. पोकळ लागला तर पोट दुखतंय म्हणायचो. तीन बार दुखलं माझं पोट. तुम्ही रिपोर्टात कामचोर लिहिलं."

पुंजारामाला तो रिपोर्ट आठवला. अक्षर चांगलं आलं होतं. कामचोर ह्या शब्दाखाली त्यानं रेघही ओढली होती.

"आन् त्या दिवशी?" त्यानं हळूच विचारलं. "त्या दिवशी टाच न्हाई मारली?"

ख्वाजामियाँनं पायाखालची चादर सारखी केली. ती सारखीच होती.

"त्या दिवशी तू उठला होतास, पुंजा," तो म्हणाला. बारा वर्षांत त्यानं जमादाराला असं कधी पुकारलं नव्हतं. "पट्टा बांधताना मी मागं वळून पाह्यलं. तू हातोडी घेऊन उभा होता. मला वाटलं, आज खुद्द येऊन राह्यलाय. मंग मी तोंड फिरवलं. म्हणलं, माणूस आज कायद्यानं काम करायला निघाला, आन् आपण त्याच्यासमोर टाच मारून पाह्यली तर बरं दिसत न्हाई. ठोके पडले. कान दिला न्हाई मी. डोळ्यानं पाह्यल्तं, तेवढ्यावर भागवलं."

बाहेर कुणीतरी बकरीला हाकलत गेलं. त्या दिवशी घोंगडीत मुंगळे शिरले होते, म्हणून पुंजाराम उठला होता. घोंगडी झटकली होती, आणि उभाच आहोत तर उभ्यानंच लिंबाला तीन ठोके मारून तो पुन्हा आडवा झाला होता. हे सांगायला त्यानं तोंड उघडलं. इमामबी त्याच्याकडंच बघत होती. त्यानं तोंड मिटलं, पुन्हा उघडलं आणि सांगितलं.

"मुंगळे," ख्वाजामियाँ म्हणाला.

"मुंगळे."

तव्यातून धूर येऊ लागला तेव्हा इमामबीनं तो उतरवून बाजूला ठेवला.

पुंजारामानं शाईची डबी खिशात घातली. त्याच खिशातून टाक आणि दौत काढली, कागद मांडीवर उलटा ठेवला. मागची बाजू कोरी होती.

"सांग," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"कोणता खांब कोणत्या झाडावर पास झाला. मला सगळे ध्यानात न्हाईत."

"हे साहेब वाचतील."

"वाचायलाच लिहून राह्यलो."

"मंग तुझी हातोडी जाईल."

"जाईल."

"आन् माझी खुर्ची? कान चांगले निघाल्यावर मला कोण बसवंल तिथं?"

पुंजारामानं टाक दौतीत बुडवला, जास्त झालेली शाई काठाला निपटली, पुन्हा बुडवला. ख्वाजामियाँ इमामबीकडं बघत होता. इमामबी भाकरीकडं बघत होती. ती एका बाजूनं काळी झाली होती.

"त्या कचरूला टाचेचं ठावं हाय का?" तिनं विचारलं.

"न्हाई," ख्वाजामियाँ म्हणाला. "त्यो खालीच असायचा."

तिनं करपलेला भाग नखानं खरवडायला घेतला. "मंग सांगा त्यांना," ती म्हणाली. "कशाला बसवून ठेवलं?"

ख्वाजामियाँनं डोळे मिटले. रस्ता आठवताना तो नेहमी मिटायचा.

"वाटूरपास्नं धरायचं की जालन्यापास्नं?"

"जालन्यापास्नं."

"लिही. नाक्याच्या पुढचा तिसरा. बाभूळ. पाचवा, तो बी बाभूळ. सहावा बराबर हाय, त्या दिवशी साहेब संगट होते. अकरावा बोर. तिथं फुली मार, तिथं माझं पोट दुखलं होतं."

"बोरीला उर्दूत काय लिहू? आम्हाला चौथीपर्यंत झाडं शिकवलीच न्हाईत."

"बेर. लिही. बारावा, चिंच. तेरावा, गाडीचं चाक, डावीकडलं."

पुंजाराम लिहीत गेला. आधी मोठ्या अक्षरात, मग बारीक, मग आणखी बारीक. कागदाची मागची बाजू भरली, तेव्हा सिंधी काळेगावच आलं होतं. ख्वाजामियाँ डोळे मिटून थांबला. पुंजारामानं कागद आडवा धरला आणि समासात लिहायला घेतलं.