मैनाबाईच्या जागेची नोंद

"सही उद्या करतो म्हनलं ना बे!" खुशालराव धोतराचा सोगा झटकत उठले.

ग्रामसेवक देवमनच्या हातातला टाक तसाच राहिला. जागांच्या अदलाबदलीत दोघांच्याही सह्या झाल्याशिवाय शाईला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. आज त्यानं तो मोडला. काहून? तर खुशालराव सरपंचाचे साडू, आणि "लिही लवकर" असं दरडावून म्हणाले म्हणून! विधवा मैनाबाईचा अंगठा घेऊन तिची रस्त्यावरची घरजागा त्यानं खुशालरावांच्या नावे लिहूनही टाकली. बदल्यात नाल्याकाठची जागा तिच्या नावे व्हायची होती, तर हा बाबा उठून चालला.

"मंग आज बाईची जागा कोनती?" देवमननं विचारलं.

"तिचं ते पाहीन."

दाराशी उभ्या मैनाबाईनं पदर तोंडाला लावला. "मी कुठं राहू वं माय!"

देवमनला स्वतःचीच चीड आली. "खुशालराव, दोन्ही नोंदी होतीन, नाईतर एकबी नाई." त्यानं मघाशी लिहिलेली ओळ लाल शाईनं आडवी कापली, शेजारी लिहिलं, 'दुसऱ्या पक्षाची सही नाही, नोंद रद्द', आणि खाली सही ठोकली.

"सरकारी रजिस्टरात खाडाखोड?" खुशालराव किंचाळले. "दीक्षा घेऊन धरम बदलला म्हनून लय शहाना झाला काय बे? नोकरी खाईन तुही!"

आणि खाल्लीच. महिन्याभरात चौकशी लागली. चौकशीला आलेल्या साहेबांनी मैनाबाईला विचारलं, तेव्हा तिनं आधी खुशालरावांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले काई ठाऊक नाई साहेब."

एक शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं हिचं? स्वतःच्या जबाबात देवमननं लिहिलं, 'रेघ मीच मारली. पुन्हा तसंच घडलं तर पुन्हा मारीन.'

निलंबनाचा कागद आला. रद्द झालेली नोंद मात्र रद्दच राहिली, ती फिरवायची साहेबांचीही छाती झाली नाही.

गाव सोडायच्या दिवशी ट्रंक सायकलला बांधून तो रस्त्याला लागला. मैनाबाई त्याच जागेवरच्या आपल्या घरापुढचं अंगण सारवत होती. त्याला पाहून तिनं मान फिरवली. रागानं की लाजेनं, कोण जाणे. त्याला फार लागलं ते.

सारवण पार वाटेपर्यंत आलं होतं. देवमन खाली उतरला. ओल्या शेणावर चाक उमटू नये म्हणून त्यानं ट्रंकेसकट सायकल उचलली आणि कडेकडेनं पलीकडे नेली.