तोंडदेखलं आमंत्रण

माहरुखने कामरानची सॅक उलटी करून गालिच्यावर रिकामी केली. डाळिंबांची पिशवी पडली, नर्दचा पट सोंगट्यांसकट पडला, कागदात गुंडाळलेले दोन गोड पाव पडले आणि सगळ्यांत शेवटी एक सुती बनियन पडला.

“हातमोज्यांची दुसरी जोडी?” तिने विचारलं.

“हातांची एकच जोडी आहे, खानम.”

तळघरात बसलेली गिर्यारोहण गटातली बाकीची मंडळी हसली. माहरुख हसली नाही. सुती कपडा घामाने भिजला की वाळत नाही आणि आलवंद डोंगराच्या धारेवर वारा सुटला की ओल्या कपड्यातला माणूस जागच्या जागी गारठतो, हे तिने कामरानला गेल्या हिवाळ्यातही सांगितलं होतं. कामरान हमदानमध्ये शहर बस चालवायचा. मनाने सोन्यासारखा, पण डोंगरावर निघताना सासुरवाडीला निघाल्यासारखा निघायचा. लोकरी बनियन, जाड हातमोजे आणि कोरडे पायमोजे घेऊन ये, नाहीतर उद्या घरी बसून डाळिंबं सोल, असं तिने त्याला सुनावलं. जेवढ्या जोरात सुनवायला हवं होतं त्याहून बरंच जास्त जोरात.

तिचा राग त्याच्यावर नव्हताच. ज्यांच्यावर होता ते उस्ताद हेश्मत तेलाच्या शेगडीपाशी बसून दातांत साखरेचा खडा धरून चहा पीत होते. त्यांची सॅक त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी होती. तिचा नंबर शेवटचा होता.

हिवाळ्यातल्या मोठ्या चढाईच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या सॅका उघडून बघायच्या, हा नियम उस्तादांनीच घातलेला. ते शाळेत व्यायामशिक्षक होते आणि अर्ध्या गावाला बर्फात चालायला त्यांनीच शिकवलं होतं. माहरुखलाही. गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी गटाचं नेतृत्व तिच्याकडे सोपवलं, पण डोंगर काही सोडला नाही. आता ते पंचाहत्तरीला आले होते. गेल्या हिवाळ्यात धारेवर त्यांनी बुटाचा पट्टा आवळायला हातमोजा काढला आणि परत घालता येईना. बोटं खडूसारखी पांढरी पडली. कामरानने त्यांचे हात स्वतःच्या काखेत धरून ऊब दिली आणि खाली आल्यावर सगळ्यांना सांगितलं, की उस्तादांनी फोटो काढायला हातमोजा काढला होता. सगळ्यांनी मान डोलावली. उस्तादांकडे कॅमेराच नव्हता, हे कुणी म्हणालं नाही.

तेव्हापासून जो तो माहरुखला बाजूला घेऊन सांगत होता, की उस्तादांना आता थांबवायला हवं. तू प्रमुख आहेस, तू सांग. तिच्या चष्म्याच्या दुकानात येऊन फ्रेम बघता बघता सांगत होते. उस्तादांची बायको बतूल खानम तर मुद्दाम चष्म्याचा स्क्रू सैल करून आली होती. तूच सांग पोरी, म्हणाली, माझं नाव मात्र मध्ये आणू नकोस. आणि हीच मंडळी उस्ताद समोर आले की छातीवर हात ठेवून म्हणायची, तुमच्याशिवाय डोंगराला शोभा नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला सगळ्यांना माहरुखच सापडली होती.

आणि तिने तरी काय केलं? मंगळवारी उस्तादांना फोन केला. आमच्याकडे मोठ्या माणसाला नको म्हणायची एकच रीत आहे: त्याला आग्रहाने बोलवायचं. मग तो म्हणतो, छे छे, मी कशाला, तुम्हाला माझा त्रास. आपण पुन्हा आग्रह करायचा, त्याने पुन्हा नाही म्हणायचं, आणि दोघांची अब्रू शाबूत राहून फोन खाली ठेवायचा. लहान पोरालाही हे कळतं. माहरुख म्हणाली, उस्ताद, शुक्रवारी आलवंदला निघतोय, तुमची पायधूळ लागली तर आमचं भाग्य. आणि उस्ताद म्हणाले, “येतो. किती वाजता?”

फोन ठेवल्यावर तिने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला होता.

आजही तिने कमी प्रयत्न केले नव्हते. चहा ओतताना ती म्हणाली होती, की उद्या धारेवर उणे वीस सांगितलंय. उस्ताद म्हणाले, मग बर्फ टणक असेल, चालायला बरं. ती म्हणाली, वाराही आहे. ते म्हणाले, वाऱ्याने ढग जातात. शेवटी तिने परतीला उशीर होईल आणि बतूल खानम काळजी करत बसतील असंही म्हणून पाहिलं. त्यावर उस्तादांनी तिला सांगितलं, की बतूल चाळीस वर्षं काळजी करतेय, तिला त्याची सवय आहे. या माणसाला इशारे कळत नव्हते की कळूनही तो तिची थट्टा करत होता, हेच तिला समजेना.

“आता माझी बघ,” उस्ताद म्हणाले आणि सॅक पुढे सरकवली.

सॅकमध्ये चूक काढायला जागा नव्हती. लोकरी कपडे वेगळ्या पिशवीत, ती पिशवी आणखी एका प्लास्टिकच्या पिशवीत. हातमोज्यांच्या तीन जोड्या, एकेका हातमोज्याला मनगटात अडकवायची दोरी. बर्फ बुटात शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायची गेटर, त्यांची चेन मेण लावून सरकती केलेली. हेडटॉर्चच्या जास्तीच्या बॅटऱ्या गार पडू नयेत म्हणून पायमोज्यात. अक्रोड, सुकी तुती, थर्मास. बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे कानशीने घासून धारदार केलेले. माहरुखने एकेक वस्तू दोनदा बघितली. एका क्षणी तर तिच्या मनात आलं, की हातमोज्यांची एक जोडी हळूच मांडीखाली सरकवावी आणि म्हणावं, उस्ताद, तुमचं सामान अपुरं आहे. तिला स्वतःचीच लाज वाटली आणि त्या लाजेचाही राग आला.

ती उठली.

“सगळ्यांनी अंगणात चला,” ती म्हणाली. “काटे घेऊन. जाड हातमोजे घालून बुटाला बांधून दाखवायचे. वर हातमोजे काढता येणार नाहीत.”

कुरकुर झाली, पण सगळे गेले. अंगणात घोट्याएवढा बर्फ होता. भिंतीकडेने ओळ करून सगळे एका गुडघ्यावर बसले. कामरानने जाड हातमोजे उसने घेतले आणि शिव्या घालत का होईना, काटे बांधले. एकेक जण उभा राहिला.

उस्तादांनी पट्टा कडीत घातला. तो निसटला. त्यांनी पुन्हा घातला. बोटं वाकत होती, पण पट्टा चिमटीत राहत नव्हता. ते त्याच्याकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाच्या हातात होता, आणि मग परत पहिल्यापासून सुरुवात केली. कामरान खाली वाकला.

“कुणी हात लावायचा नाही,” माहरुख म्हणाली.

“खानम, अहो, एक पट्टा तर आहे.”

“कुणी नाही.”

सगळे भिंतीकडे, आभाळाकडे, आपापल्या बुटांकडे बघायला लागले. उस्तादांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला होता. पट्टा पाचव्यांदा निसटला तेव्हा माहरुख त्यांच्यासमोर बर्फात बसली. ती त्यांच्या कानाशी झुकली.

“उस्ताद, उद्या तुम्ही येऊ नका.”

त्यांनी पट्टा सोडला आणि तिच्याकडे बघितलं.

“किती उशीर लावलास, पोरी,” ते पुटपुटले. “मला स्वतःहून थांबता येत नाही. तू अडव. पण असं कानात नको. मोठ्याने, या सगळ्यांसमोर.”

ती बघतच राहिली. त्यांचे डोळे तिला घाई करत होते. लहानपणी पहिल्यांदा बर्फाच्या उतारावरून घसरायला सांगताना करायचे, तशीच.

माहरुख उभी राहिली.

“उस्ताद उद्या येणार नाहीत,” ती मोठ्याने म्हणाली. “गट मी नेतेय. मी त्यांना नेणार नाही.”

“नेणार नाहीस?” उस्ताद भिंतीला धरून उठले आणि लोखंडी काटे त्यांनी बर्फात भिरकावले. “मला? बुटाची नाडी बांधायला मी शिकवली हिला. ऐकलंत का रे? आता ही मला नेणार नाही.”

मग ते थांबलेच नाहीत. माहरुखला पहिल्या हिवाळ्यात रडताना खांद्यावरून खाली आणलं ते काढलं, तिच्या बापाला दिलेला शब्द काढला, हल्लीच्या बायकांचा तोरा काढला. आवाज इतका खणखणीत होता, की शेजारच्या खिडक्या उघडल्या. मंडळी त्यांच्याभोवती जमली. कुणी त्यांचा दंड धरला, कुणी सॅक उचलली, कुणी म्हणालं, तुम्हाला नेणार नसतील तर आम्हीही जात नाही. त्यावर उस्तादांनी त्यालाही झापलं, की तुम्ही गेलंच पाहिजे, मी काही कुणाची चढाई मोडणारा माणूस नाही. अशी सगळी वरात त्यांना पोचवायला निघाली. जाताना प्रत्येकाने माहरुखकडे एक नजर टाकली, आणि दुकानात येऊन ‘तूच सांग’ म्हणणाऱ्यांची नजर सगळ्यांत कडू होती.

तिला ओरडून सांगावंसं वाटलं. सगळ्यांना परत बोलवून, एकेकाचं नाव घेऊन सांगावंसं वाटलं. गल्लीच्या टोकाशी उस्ताद आता भाजीवाल्याला पहिल्यापासून सांगत होते, आणि भाजीवाला चुकचुकत होता. माहरुखने दात आवळले आणि बर्फात पडलेले काटे गोळा केले.

कामरान आपली सॅक घ्यायला परत आला. तो बराच वेळ दारात घुटमळला.

“बरोबर नाही केलंत, खानम,” तो म्हणाला. “लोकांसमोर तरी नको होतं.”

ती काट्यांवरचा बर्फ झटकायला लागली.

“तुमच्याशी ते हळू आवाजात काहीतरी बोलले. काय म्हणाले?”

“शिवी दिली,” माहरुख म्हणाली.

“बरं केलं,” कामरान म्हणाला.