पियुषच्या पाळण्यातला खुळखुळा

मी एक जुना खुळखुळा आहे. पत्र्याचा, मुठीएवढ्या डोक्याचा. एके काळी लालभडक होतो, आता निम्मा रंग उडाला आहे. अकोटच्या बाजारात जहीरमियांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मला घडवलं आणि पोटात बारीक खडे भरले. माझा आवाज गोड नाही, मी नुसता खडखडतो. वलगावच्या मनकर्णाबाई मला विकत घेताना जरा कुरकुरल्या, तेव्हा जहीरमिया म्हणाले, "बाई, दिसाले कसाबी असो, लेकरू वळून पाहीन." मित्रांनो, लेकराने वळून पाहावं एवढ्यासाठीच माझा जन्म.

मनकर्णाबाईंचा मुलगा अमोल माझा पहिला धनी. तो अंगणात रांगत असला आणि मी घरात वाजलो, तरी गर्रकन मान वळवायचा. मात्र तीन वर्षांचा होईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. आत्यांनी लाडावून ठेवलेला. बोट दाखवलं की वस्तू हातात, मग तोंड उघडायची गरजच काय? आज तो कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसतो आणि गिऱ्हाइकाला बोलूच देत नाही. तो मोठा झाला तशी माझी रवानगी पेटीत, जुन्या लुगड्यांच्या खाली झाली.

अमोलला मुलगा झाला तेव्हा मनकर्णाबाईंनी मला पुन्हा बाहेर काढलं. अमोलची बायको दामिनी माहेरून बाळंत होऊन आली होती. पाळण्यातला पियुष मला पाहून असा हसला, की माझ्या म्हातारपणाचं सोनं झालं. मनकर्णाबाई त्याच्या तोंडासमोर मला हलवायच्या आणि म्हणायच्या, "पाह्य, कसा ऐकून राहिला!"

पण मित्रांनो, तो ऐकत नव्हता, बघत होता. मी नुसता डोळ्यांसमोर फिरलो तरी तो तेवढाच खुश व्हायचा. एकदा पाळण्यावर टाकलेल्या लुगड्याच्या पलीकडे मी कुणाच्या तरी हातून पडलो आणि मोठ्याने वाजलो. त्याने पापणीही हलवली नाही. तेव्हाच मला कळलं. पण मला सांगता कसं येणार? खुळखुळ्याला खुळखुळण्याशिवाय काय येतं?

लेकरू बोलायच्या कितीतरी आधी ऐकायला लागतं. आईची हाक, आजीचं रागावणं, दारावरच्या भाजीवाल्याचं ओरडणं, सगळं त्याच्या डोक्यात साठत जातं. कळतं आधी, बोलणं मागून येतं. पियुषच्या डोक्यात यातलं काहीच साठत नव्हतं. सुरुवातीला तो सगळ्या बाळांसारखा आ-ऊ करायचा, मग हळूहळू तेही कमी झालं. घरात मात्र त्याचं कौतुकच चाललं होतं. दिवाळीत दारात सुतळी बॉम्ब फुटले आणि हा गाढ झोपलेला. मनकर्णाबाईंनी गल्लीभर सांगितलं, "माहा नातू वाघ हाय. कशालेच भेत नाही."

दामिनीला मात्र घोर लागला होता. एकदा ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आई, तो मले अजून आई म्हणत नाही."

"म्हणन ना. याचा बाप बी तीन वर्साचा झाल्यावरच बोलला. आमच्या घरची पोरं उशिराच बोलतात. तू काहून जीवाले घोर लावून घेऊन राहिली?"

अमोल हसला. "मी बोललो का नाही मग?"

मला त्यांचा राग आला. बाप उशिरा बोलला, हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पण तो मान वळवायचा, हे कुणालाच आठवलं नाही. दामिनी पुन्हा पोळ्या लाटू लागली. पियुषची तीन वर्षं अशीच सरली, आणि लेकराचं डोकं बोलणं शिकायला सगळ्यात तयार असतं ते याच वर्षांत.

मग अमोलची बहीण आरती मूर्तिजापूरहून आली. तिची सहा महिन्यांची मुलगी आणि पियुष शेजारी शेजारी बसले होते. दामिनीने मागच्या दारातून येता येता मला सहज वाजवलं. मुलीने मान वळवली. पियुष डब्यावर डबा रचत राहिला. दामिनीने पुन्हा वाजवलं, अगदी त्याच्या डोक्यामागे. मुलगी मला धरायला झेपावली. पियुषचा डबा पडला, त्याने तो उचलून पुन्हा ठेवला. दामिनी मला घट्ट धरून खाली बसली.

अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "जन्मापासून ऐकू येत नाही. यंत्र लावू, शिकवू, काही शब्द नक्की येतील. वर्षाच्या आत आणलं असतं तर फार फरक पडला असता."

पियुषच्या कानाला यंत्र लागलं. घरी आल्यावर दामिनीने मोठ्या आशेने मला त्याच्या मागे वाजवलं. तो दचकला, वळला, आणि माझ्याकडे बघून ओरडून रडायला लागला. इतकी वर्षं मी त्याच्यासाठी एक नाचणारी लाल वस्तू होतो. ती वस्तू अशी खडखडते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याने मला भिंतीवर फेकलं. ज्या वळून पाहण्यासाठी मी जन्मलो ते मला मिळालं, आणि ते मिळताच माझं लेकरू माझ्यापासून दुरावलं. त्या दिवसापासून तो मला हात लावत नाही.

मनकर्णाबाई भिंतीला टेकून म्हणाल्या, "माह्यानंच झालं हे." दामिनीने त्यांना दोष दिला नाही. तेवढं बळच तिच्यात उरलं नव्हतं. रोज दुपारी ती पियुषला मांडीवर घेते, त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवते आणि "आई" म्हणते. तो तिच्या ओठांकडे बघत राहतो. कधी कधी "आ" एवढंच येतं, पुढचं अडतं. ती पुन्हा म्हणते. मी कपाटावरून बघतो.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ आलं की त्याच्यासमोर खुळखुळा नाचवून टाळ्या पिटू नका. त्याच्या नजरेआड जाऊन वाजवा. त्याने मान वळवली नाही, तर घराण्यात कोण कधी बोललं याच्या गोष्टी सांगत बसू नका. त्याला कडेवर घ्या आणि डॉक्टरांकडे जा. मी त्या घरात रोज वाजत होतो. पियुष बाळ होता तेव्हाच एकदा कुणी मला त्याच्या पाठीमागे वाजवून पाहिलं असतं, तर आज स्वयंपाकघरातल्या दामिनीला बाहेरून त्याची "आई" अशी हाक आली असती.