डाव्या हाताचा अंगठा

चाकणला नोटरीच्या दारात, पत्र्याच्या शेडमध्ये कुसुमताई एकतीस वर्षं दस्त लिहीत होत्या. आधी टाइपरायटरवर, आता कॉम्प्युटरवर. भाषा मात्र तीच जुनी, कागदाला वजन आणणारी: लिहून देणार, सबब, उजर, हयगय. लोक ऐकून मान डोलवत आणि सही करून मोकळे होत. अर्थ कोणी विचारत नसे आणि खरं सांगायचं तर ताईंनाही ते सोयीचंच होतं. गिऱ्हाईक पटापट उरकायचं.

त्या दुपारी क्षितिज आला. कुठल्याशा कंपनीचा एचआर ऑफिसर, राहणार पिंपळे सौदागर, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. मागोमाग ज्योतीराम, औशाकडून आलेला, त्याच कंपनीत पत्रे दाबायच्या प्रेसवरचा ऑपरेटर. तो बाकावर टेकला आणि डावा हात त्याने मांडीवरच्या पिशवीखाली घेतला.

"नेहमीचाच तडजोडनामा, ताई," क्षितिज म्हणाला. "हाताला जरा लागलंय याच्या. नाव बदला आणि दोन प्रती काढा. साडेतीनला मला प्लांटवर पोचायचंय."

नेहमीचा म्हणजे ताईंनीच सहा वर्षांपूर्वी बांधून दिलेला मसुदा. प्रती निघाल्या. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, हा नियम ताईंनी कधी मोडला नव्हता. वाचत मात्र मंत्रपुष्पांजलीसारखं, भरधाव.

"मी लिहून देणार, राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो की, माझ्या स्वतःच्या हयगयीमुळे माझ्या डाव्या हातास किरकोळ इजा झाली. सबब मी वा माझे वालीवारस याबाबत कोठेही कसलाही उजर करणार नाही..."

"थांबा की ताई," ज्योतीराम म्हणाला. "हयगय म्हंजे, आमची माय म्हणती तीच का? औषधात हयगय करू नको, तसली?"

ताई थांबल्या. एकतीस वर्षांत त्यांना वाचताना कोणी थांबवलं नव्हतं.

"तीच. तू काळजी घेतली नाहीस, चूक तुझी."

"आन् उजर?"

"तक्रार. उजर करणार नाही म्हणजे कोर्टात, कामगार ऑफिसात, कुठंही तोंड उघडणार नाही."

"वालीवारस?"

"तुझी बायको, पोरं. त्यांनीही गप्प बसायचं."

ज्योतीरामने क्षितिजकडे पाहिलं. "साहेब, तुमी तर म्हनलाव सुट्टीचा कागद हाय."

"अरे, त्यातच येतं ते सगळं," क्षितिज म्हणाला. "ताई, तुम्ही काय क्लास घेताय का त्याचा? दे रे अंगठा. उद्यापासून स्टोअरमध्ये हलकं काम देतो, शब्द आहे माझा."

"मग तो शब्द यात लिहू?" ताईंनी विचारलं.

"तशी पॉलिसी नाही."

ताईंचं डोकं तापलं. या पोराचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. 'चूक' फार उघडं दिसतं, असं तेव्हाचा ऑफिसर म्हणाला होता, म्हणून त्यांनीच शोधून 'हयगय' घातली होती. वर शाबासकी मिळाली म्हणून खूश झाल्या होत्या. त्या शब्दावर आजवर किती जणांनी अंगठे उठवले, ते मोजायची त्यांना आत्ता लाज वाटली.

"न्हाई दिला तर?" ज्योतीरामने विचारलं.

"तर उद्या गेटवर तुझं कार्ड चालणार नाही."

रहाटणीत भाड्याची खोली होती, दोन पोरी शाळेत जात होत्या. ज्योतीराम बाकावरून पुढे सरकला. मग म्हणाला, "घ्या ताई. काम तर पायजे."

ताईंनी शाईचा पॅड पुढे सरकवला. आधी निशाणी, मग सही, असा त्यांचा क्रम. "डाव्या हाताचा अंगठा," त्या म्हणाल्या.

त्याने पिशवी बाजूला ठेवली. हाताला पट्टी होती आणि अंगठ्याच्या जागी ती सपाट होती.

"याला किरकोळ म्हणता?" ताईंचा आवाज चढला. "हे माझ्या हातून लिहून घेतलंत?"

"उजवा घ्या ना. काय फरक पडतो?"

"घेते. पण डावा का नाही, ते शेजारी लिहावं लागतं. ती रीत आहे. त्याशिवाय नोटरीसाहेब शिक्का मारत नाहीत." त्यांनी पेन उघडलं. "सांग ज्योतीराम, कशानं गेला?"

"त्यानं काही सांगायचं नाहीये," क्षितिज म्हणाला.

ज्योतीराम मान खाली घालून बोलू लागला. "प्रेसला दोन बटनं असत्यात. दोन्ही हातांनी दाबल्याबिगर प्रेस खाली येत न्हाई, म्हंजे हात आत ऱ्हात न्हाई. टार्गेट व्हईना म्हून सुपरवायझरनं एक बटन चिकटपट्टीनं दाबून ठेवलं. पट्टी काढा म्हून म्या दोनदा सांगितलं."

ताईंनी जुन्याच भाषेत, सावकाश लिहिलं आणि तितक्याच सावकाश वाचलं: "प्रेसचे एक बटण सुपरवायझरने चिकटपट्टीने दाबून ठेवले. लिहून देणाराने दोनदा सांगूनही पट्टी काढली नाही. सदर हयगयीमुळे लिहून देणाराचा डावा अंगठा तुटला. सबब उजवा अंगठा."

"खोडा ते."

"माझ्या दस्तात खाडाखोड नसते."

क्षितिजने दोन्ही प्रती ओढून घेतल्या आणि टराटरा फाडल्या. "तुमच्यासारखे पन्नास बसलेत चाकणात. चल रे, ऊठ." तो गाडीत जाऊन बसला आणि हॉर्न वाजवू लागला. कांद्याच्या ट्रकमागे आधीच गाड्या अडकल्या होत्या, त्यात त्याची भर.

ज्योतीराम उठला, पिशवी घेतली. दारापर्यंत गेला. बाहेर हॉर्न चालूच होता. तो परत येऊन बाकावर बसला.

"ताई, आत्ता लिवलाव ते परत लिवा. तेवढंच. आमच्या लायनीत आजून चौघं हायत. तुमच्याच कागदावर अंगठे दिलेले."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या. "त्यांनाही घेऊन ये. मी बसलेली असते."

कामगार ऑफिसच्या नावाने त्यांनी नवा अर्ज टाइप केला. प्रिंट काढली आणि वाचायला तोंड उघडलं, तर ज्योतीरामने कागद आपल्याकडे ओढला.

"मी वाचतो," तो म्हणाला.

एकेका शब्दावर बोट ठेवत तो खाली आला. तळाशी नेहमीची ओळ होती: वाचून पाहिले, समजले, कबूल. तीही त्याने मोठ्याने वाचली आणि उजवा अंगठा शाईत दाबला.