पोकळ लाद्या

बर्फाची पहिलीच लादी साच्यातून निघाली ती हलकी. गोपिकाने ती आडवी केली, तसं आत पाणी डुचमळलं. दुसरी तशीच, तिसरीही. बाहेरून काचेसारख्या टणक, आणि पोटात पाणी.

"वहिनी, काल टोचून पाह्यलं नव्हतं का?" अंकुशने, तिच्या दिराने, विचारलं.

तिने वरची पांढरी साय पाहिली होती, तेवढंच. बर्फ साच्याच्या कडांकडून आत धरत जातो, मध्य सगळ्यात शेवटी. म्हणून तिचा नवरा चंद्रभान मधोमध सळई खुपसून बघायचा आणि मगच तलावावर फोन करायचा. तिथल्या मासे धरणाऱ्या ढिवरांची रीतच होती ती. मे महिन्यात पाणी ओसरलं की सगळी वस्ती मिळून वर्षाचं मोठं जाळं ओढी. पण मासे टिकवायला पुरेसा बर्फ तयार आहे, असा कामठीच्या या कारखान्यातून होकार गेल्याशिवाय ते पाण्यात पडत नसे. यंदा चंद्रभान रामदासपेठेत दवाखान्यात पडलेला. होकार गोपिकाने दिला होता. मग रात्रभर विजेचा दाब कमी राहिला.

आता तलावावर कोणी फोन उचलेना. आतलं पाणी ओतून देऊन दोघांनी उरलेली टरफलं पोत्यांत भरली आणि टेम्पो हाणला.

जाळं काठाशी येऊन ठेपलं होतं. पाणी माशांनी नुसतं खदखदत होतं.

"आली वं बरफवाली!" टोपल्या घेऊन बसलेल्या बायांतून म्हातारी भागीरथा ओरडली. "नवरा घरी नाही तं झोपून राह्यली का?"

बाया हसल्या. गोपिकाने पोतं उघडलं. भागीरथाने हात घातला, एक तुकडा मुठीत दाबला. तो चुरला. हसणं थांबलं.

छातीभर पाण्यातून जाळ्याचा म्होरक्या विश्वनाथ म्हणाला, "किती आहे?"

"अर्धा. अर्ध्याहून कमीच. भाऊ, माही चूक झाली. शहरातून आनखी मागवू, अंकुश आत्ता जाते—"

"तो येईपर्यंत?" विश्वनाथने उन्हाकडे पाहिलं. "बाहेर काढले तं सडतीन. इथं कोंडून ठेवले तं गुदमरून मरतीन." तो वळला. "सोडा एक बाजू."

कोणी हलेना.

"सोडा म्हणतो ना!"

दोर सैल झाला. काळ्या पाठी एकामागून एक खोल पाण्याकडे निघाल्या. वर्षभर ज्यांच्या भरवशावर वस्तीने दिवस ढकलले होते, ते मासे जाताना बाया उभ्या राहून बघत होत्या. एक पोरगी रडायला लागली, तिला कोणी गप्प केलं नाही.

बर्फ पुरेल तेवढेच मासे जाळ्यात राखले. त्यांच्यासाठी भागीरथा बर्फ फोडायला बसली. गोपिकाही हातोडी घेऊन शेजारी बसली.

"पुढच्या साली मी एकेक साचा टोचून पाहीन, मावशी."

भागीरथाने वर पाहिलं नाही. "तू पाहशील वं," ती म्हणाली. "पण आमी कोणाले इचारून जाळं टाकाव?"

गोपिकाने घाव घातला. पोत्यावर पाणीच उडालं.