तारेपलीकडची विष्णुक्रांता

विष्णुक्रांता सुनीतीनं लावली ती हौसेनं नव्हे, नेमासाठी. गणपतीच्या पत्रीत लागते तीच ही, जमिनीला चिकटून पसरणारी, सकाळच्या उन्हात नखाएवढी निळी फुलं उघडणारी आणि दुपार कलली की ती मिटून घेणारी. बाजारातल्या जुडीत तिची फुलं टिकत नाहीत, म्हणून देवाला ताजी वाहायची तर ती आपल्याच अंगणात हवी, असं तिच्या मनानं घेतलं. चातुर्मासभर रोज सकाळी बाळकृष्णाला निळी फुलं वाहायची आणि कार्तिकी द्वादशीला उद्यापन करायचं. मागणं एवढंच होतं, की माझा अनय माझ्या उंबऱ्यात राहू दे.

अनय काही परगावी निघाला नव्हता. तो निघाला होता शेजारी.

टेमघरच्या त्या प्लॉटवर सासऱ्यांनी दोघा मुलांना एकसारखी घरं बांधून दिली होती आणि मधे गुडघ्याएवढ्या उंचीवर एक तार ओढली होती. अलीकडे सुनीती आणि माधव, पलीकडे धाकटा दीर आणि अपूर्वा. दोघी जावांची लग्नं एकाच मांडवात लागली, पण पाळणा हलला तो सुनीतीच्याच घरी. अपूर्वाचं तसंच राहिलं याचं सुनीतीला मनापासून वाईट वाटायचं, निदान अनय दहावीत जाईपर्यंत तरी. मग मागच्या शेडमधल्या यंत्रमागांची खटखट आपल्या खोलीत फार येते म्हणून तो काकूकडे अभ्यासाला बसू लागला. अभ्यासाच्या जोडीला चहा आला, चहाच्या जोडीला जेवण, आणि एका रविवारी सुनीतीनं पाहिलं तर पलीकडच्या पायरीवर डोळे मिटून बसलेल्या त्याच्या केसांना अपूर्वा तेल चोळत होती.

"काकूची भाकरी काय मऊ असते गं, आई," तो घरी येऊन म्हणाला.

सुनीती हसली. पण त्या दिवशी तिनं भाकरीचं पीठ दुप्पट वेळ मळलं.

रोपं माधवनं नर्सरीतून आणून दिली. पाणी साचलं तर या झाडाचं मूळ कुजतं म्हणून सुनीतीनं मातीत वाळू मिसळली, शेंडे खुडून खुडून त्याला उंच जाऊ न देता आडवं पसरायला लावलं, आणि शेडमधून उडत येणारी कापसाची तूस पानांवर बसली की ओल्या फडक्यानं हलकेच पुसून काढली, जशी ती एकेकाळी अनयचं तोंड पुसायची. आषाढीपर्यंत अंगणात हिरवी चटई अंथरली गेली. फूल मात्र एकही नाही.

फुलं आली ती तारेपलीकडे. वेली कधी खालून सरकल्या कळलंच नाही, पण पलीकडे जाताच त्या अशा फुलल्या की माती दिसेना. ऊन दोन्हीकडे तेच, माती तीच आणि पाणी तर सुनीतीच घालत होती.

"ताई, लावलंत तुम्ही आणि फुललं बघा कसं माझ्याकडे!" अपूर्वा टाळी वाजवून म्हणाली. "खुडा हो हवी तेवढी. तुमचंच आहे ते."

तुमचंच आहे ते. हे ती इतक्या सहज म्हणाली, की सुनीतीला ती फुलं पायाखाली चिरडावीशी वाटली, आणि लगेच देवाची क्षमा मागून तिनं तारेखालून हात घातला. पुढे रोज सकाळी ती तशीच वाकून हात घालू लागली.

"वैनी, दुसऱ्याच्या भुईतलं फूल वायलं तं पुन्न भुईवालीला जातं बरं," बाहेरच्या नळावर भांडी घासताना कामाला येणारी मैना म्हणाली. "माझी आय सांगाची."

"अगं, मूळ माझ्या अंगणात आहे."

"मूळ कोनी बगलंय? फूल तं तिकरं हाय."

सुनीतीनं मनावर घेतलं नाही. मूळ ज्याचं त्याचंच फूल, देवाला एवढं कळत नसेल का?

भाद्रपदात मैनाच एकदा म्हणाली, "तुमचा पुतन्या लई उंच झाला यंदा." कामाच्या घाईत जीभ घसरली असेल, असं म्हणून सुनीतीनं ते सोडून दिलं. मग नवरात्रात तिनं तीन ताटं घेतली तेव्हा माधव एका ताटाकडे बघत राहिला.

"कोणी येणार आहे का?"

"अनयचं आहे."

"तो त्याच्या घरी जेवेल की," माधव शांतपणे म्हणाला आणि त्यानं भाताला हात घातला.

ती थट्टा असेल म्हणून सुनीतीनं त्याच्या चेहऱ्यात हसू शोधलं. तिथे थट्टा नव्हती, रागही नव्हता. ती उठली आणि कपाटातून बारशाचा फोटो काढला. फोटोत पोपटी साडी होती, कुंची घातलेलं बाळ होतं आणि पाळण्याची झालरही होती. साडी तिचीच. पण ती साडी नेसून बाळाला मांडीवर घेतलेली बाई अपूर्वा होती, आणि सुनीती मागे उभी होती, हातात घुगऱ्यांचं ताट घेऊन. आपण ही साडी अपूर्वाला नेसायला दिली होती का? दिलीही असेल. तिला आठवेना, आणि आठवत नाही याचीच तिला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी अपूर्वा देवळात गेल्यावर ती खुरपं घेऊन तारेपाशी बसली. पलीकडे गेलेली प्रत्येक वेल तोडायची आणि मूळ उपटून घराच्या मागे नेऊन लावायचं, जिथून कुठेच जाता येणार नाही. आपण स्वतःच्या हातांनी रोपं लावलेली जागा तिला डोळे मिटून सापडली असती. तिनं माती उकरली. मूळ होतं, पण चुलीतल्या काटकीसारखं वाळलेलं, हात लागताच भुगा होणारं. कधीचं मेलेलं होतं ते. अलीकडची ती सगळी हिरवी चटई पलीकडच्या मुळांवर जगत होती.

तिनं माती परत सारखी केली. एकही वेल तोडली नाही.

कार्तिकी द्वादशीला तिनं देव्हारा सजवला, पुरण घातलं. सकाळी फुलं आणायला ती अंगणात गेली नाही. आज तरी दुसऱ्याच्या जमिनीतलं काही नको, आधीच खुडून ठेवलेलं एक तुळशीपत्र वाहू आणि देवाला स्पष्ट सांगू, की तो माझा आहे. माझा अनय. हे ती ओठांतल्या ओठांत घोकत होती, परीक्षेला निघालेल्या मुलीसारखी.

तेवढ्यात तार ओलांडून अनय आला. नवा शर्ट, डोक्याला तेल, हातात निळ्या फुलांनी भरलेली वाटी.

"मोठी आई," तो दारातच थांबून म्हणाला, "आईनं फुलं पाठवलीत. तुमचं उद्यापन आहे ना आज?"

सुनीतीनं हात पुढे करून वाटी घेतली. तिला काहीतरी सांगायचं होतं त्याला, अगदी ओठांवर होतं. ती वाटी घेऊन आत गेली आणि तिनं फुलं तबकात ओतली. शेजारून आलेली वाटी रिकामी परत पाठवू नये, म्हणून सवयीनं साखरेच्या डब्यात हात घातला, आणि साखर भरता भरता ते ओठांवरचं कुठेतरी विरघळून गेलं.

"घे. आणि तुझ्या आईला सांग, फुलं पोचली," ती मायेनं म्हणाली.

तो तार ओलांडून गेला. पलीकडच्या पायरीवरून अपूर्वानं त्याच्याकडे पाहिलं ते पाहून सुनीतीच्या मनात जुना, ओळखीचा हेवा जागा झाला. किती गुणी मुलगा, आणि किती नशिबाची ही बाई! आपल्यालाही देवानं असा एक दिला असता तर त्याचं काय गेलं असतं?

हरकत नाही. पुढच्या चातुर्मासात तेवढंच मागू. तिनं हात जोडले, आणि तबकातलं पहिलं निळं फूल बाळकृष्णाच्या पायाशी ठेवलं.